धनसिंग गिरासेचं भाषण

धनसिंग गिरासेनं शाळेला काय दिलं नाही? वर्गावर्गात वीज आणली, विहिरीवर मोटार बसवली, हेडमास्तरांच्या डोक्यावर पंखा फिरवला. दीपनगरच्या वीजघरात तो इंजिनियर होता. रजा मिळाली की लोक सासुरवाडीला जातात. हा पक्कड घेऊन गावाकडं यायचा आणि शाळेच्या छपरावर चढून बसायचा. त्याचं गाव सोनगीरपासून कोसभर आत. गाव म्हणायचं, शाळेवर जीव आहे गड्याचा.

जीवबीव काही नव्हता. त्याला एकदा त्या शाळेच्या मंचावर उभं राहायचं होतं. समोर जीवराम मास्तर खुर्चीत बसलेला हवा, मास्तरचे लेक-जावई मांडवात हवेत आणि अख्खं गाव ऐकत हवं. गावात माईक कुणाच्याही हातात देत नाहीत. सत्कार झालेल्या माणसालाच तो मिळतो. म्हणून आधी सत्कार पदरात पाडून घ्यायचा, एवढाच त्याचा हिशेब.

बोलायचं होतं ते धाकट्या भावाबद्दल, रुपसिंगबद्दल. दोघं भाऊ या शाळेत बरोबरच दाखल झाले होते. शाळा तेव्हा नवी, वर्ग एकच, आणि वर्गावर जीवराम मास्तर. रुपसिंग तेराच्या पाढ्याला अडखळला तेव्हा मास्तरनं लाकडी डस्टर त्याच्या कानशिलावर घातलं. कानातून रक्त आलं. आईनं लसणाचं तेल ओतलं, कान पिकला, एका कानाचं दुखणं दुसऱ्यात गेलं. पोरगं शाळेत जातच राहिलं. मास्तर हाक मारायचा, याला ऐकू जायचं नाही. मास्तरला वाटायचं पोरगं माजलंय, ऐकून न ऐकल्यासारखं करतंय. मग त्यासाठी मार. पावसाळा सरेपर्यंत हेच चाललं. शेवटी बापानं नाव काढलं आणि ढोरांमागं लावलं.

रुपसिंग अजून ढोरांमागंच होता. वय पस्तिशीकडं गेलेलं, बायको नाही. बहिऱ्याला पोरगी कोण देणार? गावातली पोरं मागून खडे मारायची आणि तो वळला की आभाळाकडं बघायची. बोलता यायचं त्याला, पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं शेजारच्या माणसाशीही तो नदीपल्याड बोलावं तसा बोलायचा. समोरच्याचं मात्र हातवाऱ्यांवरूनच कळायचं.

धनसिंगनं भाषण बॉयलरजवळ पाठ केलं. तिथं इतका आवाज की माणूस गळा फाडून ओरडला तरी कुणाला कळत नाही. हा रोज तिथं उभा राहून जीवराम मास्तरला ओरडून सगळं सांगायचा. शेजारच्या फिटरला वाटायचं, साहेब भजन म्हणतात.

चौऱ्याहत्तर साली शाळेला पंचवीस वर्षं झाली. संस्थेचे अध्यक्ष माणकचंद शेट, कापसाचे व्यापारी, याच शाळेत शिकलेले. त्यांनी ठरवलं की नाव काढलेल्या आणि शाळेसाठी झिजलेल्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करायचा, आणि तोही जीवराम मास्तरच्या हातून. तिघांत धनसिंगचं नाव आलं. कागद वाचून त्याची बायको प्रमिलाबाई हरखली. हा नुसता हसला. पंधरा दिवस त्याला झोप गोड लागली.

मांडव भरला होता. मास्तर मंचावर मधोमध, धुतलेल्या टोपीत, काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. पार वाळला होता, पण मान ताठ. रुपसिंगला धनसिंगनं मुद्दाम नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसवलं होतं. लोकांनी त्याच्याकडं बघावं आणि मग मास्तरकडं बघावं, असं त्यानं योजलं होतं.

पहिले माणकचंद शेटच बोलले. मास्तरनं आपल्याला कसं तासभर कोंबडा करून ठेवलं आणि वर पाठीवर दौत ठेवली, हे त्यांनी रंगवून सांगितलं. त्या कोंबड्यानंच आज जिनिंग उभं केलं, असं म्हणून मास्तरला हात जोडले. लोक हसले, टाळ्या पडल्या. मग धुळ्याचा एक वकील उठला. त्यानं छडीनं वाकडं झालेलं बोट सगळ्यांना दाखवलं आणि त्याला ओठ लावले. पुन्हा टाळ्या. आमच्याकडं सत्काराचं भाषण असंच असतं. मार खाल्ल्याचं सांगायचं, लोकांनी हसायचं, शेवटी पाया पडायचं. ते दोघं बोलत असताना धनसिंग मनात आपली वाक्यं घोळवत होता. त्यांच्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. तिथंच तो फसला.

शाल अंगावर पडली, नारळ हातात आला. त्यानं नारळ खाली ठेवून माईक धरला आणि मुद्दाम आपल्या बोलीत सुरू केलं, म्हणजे मागं बसलेल्या म्हाताऱ्यांनाही नीट कळावं.

"मास्तरनी माले कधी मारं नही," तो म्हणाला. "मन्हा भाऊले मारं. तो आठेच पुढे बठेल शे."

इंजिनियर माणूस अहिराणीत बोलतोय म्हटल्यावर मांडव खूश झाला. पहिल्याच वाक्याला हशा पिकला. धनसिंगनं डस्टरचं सांगितलं, लोक हसले. रक्ताचं सांगितलं, तेव्हा हसू जरा कमी झालं. मग तो म्हणाला, "पोऱ्याले ऐकू येवानं बंद व्हयनं, आनि पोऱ्या ऐकत नही म्हनीसन मास्तरनी त्याले रोज मारं."

यावर मांडव फुटला. माणकचंद शेटांनी मांडीवर थाप मारली. असा किस्सा त्यांच्या भाषणातही नव्हता. पहिल्या रांगेतल्या रुपसिंगनं आजूबाजूला बघितलं आणि सगळे हसतायत म्हणून तोही हसला.

धनसिंगचा आवाज चिरकला. बॉयलरपाशी कधी चिरकला नव्हता. "मास्तर," तो म्हणाला, "तुम्हीन मन्हा भाऊना जलम खाई टाका."

आता सगळं चिडीचूप झालं. मास्तरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धनसिंगला ते दिसलं आणि त्याच्या छातीत गार गार वाटलं. इतक्या वर्षांनी पिकलेलं गळू फुटावं तसं.

मास्तर काठी टेकत उठला. माईकपाशी आला. डोळे पुसले आणि शाळेतल्या त्याच शुद्ध भाषेत म्हणाला, "एकाला मारलं, दुसरा घडला. माझ्या हाताचं सार्थक झालं. त्या मुलाला वर आणा."

टाळ्यांनी मांडव उचलला गेला. दोघा-तिघांनी रुपसिंगला काखेत धरून मंचावर चढवलं. मास्तरनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, धनसिंगच्या खांद्यावरची शाल ओढून घेतली आणि त्याच्या अंगावर टाकली. रुपसिंगला काय चाललंय ते कळलं नाही, पण शाल कळली, टाळ्या वाजवणारे हात कळले. तो मास्तरच्या पायांवर आडवा झाला. उठला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा त्याच्या आवाजात ओरडला, "भाऊ, मास्तरनी माले वळखं!"

फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला.

संध्याकाळी घरी रुपसिंग शाल काढायला तयार नव्हता. शाल पांघरूनच भरीत-भाकरी खाल्ली. मग धनसिंगला विचारलं, "तू काय बोलना? लोक कितला हासनात. माले बी हासू दे."

धनसिंगनं त्याला सांगितलं. हातवारे करून, कानावर चापट मारून, पाठीवर छडी ओढून, मास्तरची ताठ मान करून, सगळं. रुपसिंगला समजायला वेळ लागला. समजल्यावर त्याचा चेहरा काळवंडला. त्यानं ताट सरकवलं.

"मन्हा बी सत्कार व्हयना," तो ओरडला, "ते तुले देखवनं नही."

प्रमिलाबाई मधे पडली, समजवायला हातवारे करायला लागली. त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही. डोळे मिटले की त्याच्याशी बोलायचे सगळे रस्ते बंद व्हायचे, आणि ते त्याला चांगलं माहीत होतं. सकाळी धनसिंग दीपनगरला निघाला तेव्हाही तो डोळे मिटून बसलेला होता.

दिवाळीला धनसिंग गावी आला तर भाऊ घरात नव्हता. शेजारणीनं सांगितलं, तो आता मास्तरच्याच ओट्यावर असतो. धनसिंग तिकडं गेला. रुपसिंग मास्तरच्या अंगणात लाकडं फोडत होता. म्हाताऱ्यानं ओट्यावरून हाक मारली, "ए बहिऱ्या!" हाक ऐकू जायची नव्हतीच. म्हाताऱ्यानं बाजूच्या टोपलीतला एक खडा उचलला आणि नेम धरून त्याच्या पाठीवर मारला. रुपसिंग वळला, हसला आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावत गेला.