पत्र्याच्या जाळीचे हेडफोन

परवा नातीने तिचे गुबगुबीत हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि घर एकदम मुकं झालं; मी घाबरून ते काढले, आणि अमळनेरचं सासर आठवलं. सासऱ्यांना रेडिओचा आवाज खपत नसे, म्हणून नवऱ्याने जळगावच्या जुन्या बाजारातून माझ्यासाठी स्वस्तातले हेडफोन आणले होते. त्यांना गादी नव्हती, मागे नुसती पत्र्याची जाळी. त्यामुळे गाणंही ऐकू यायचं आणि चुलीवर उतू जाणाऱ्या दुधाची चर्रही. मला अजून तसलेच आवडतात. थोरल्या जावेला मात्र हेडफोन लावूनही मला बाहेरचं ऐकू येतं हे ठाऊक नव्हतं. एका दुपारी मी रेडिओपाशी शेंगा सोलत बसले होते, आणि ती माझ्या पाठीमागेच शेजारणीला म्हणाली, "हिले पोर व्हत नही. देरनं दुसरं लगीन करा, आस मी सासूले सांगी दिन्हं शे." देर म्हणजे तिचा दीर, माझा नवरा. माझे हात थांबले. हेडफोन न काढताच मी वळून म्हटलं, "अक्का, बठ्ठं ऐकू येतं मला." शेजारीण खाली मान घालून उठून गेली. जाऊ मात्र हसली. "मंग बरं शे, परत सांगाले नको." त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाही, पुढे मला दोन मुलं झाली तेव्हाही नाही. ती जाऊन बरीच वर्षं झाली. माझा राग अजून शिळा झालेला नाही.