खिडकीसमोरचा गळ

काका वस्तू कधी हातात देत नसत. किल्ली असो, लिंबू असो, आल्याचा तुकडा असो, कमरेखालून अलगद झोका द्यायचे आणि ती तुमच्या ओंजळीत येऊन बसायची. वर म्हणायचे, "खांदा नाही, मनगट." पहिल्यांदा त्यांनी आमच्या दारातून असं लिंबू टाकलं, तेव्हा मला ते झेलता आलं नाही. ते गडगडत चपलांच्या रॅकखाली गेलं.

"आवाज झाला," काका म्हणाले. "मासा गेला."

ईडन प्रेरी या अमेरिकन गावात आमची घरं शेजारीशेजारी. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते. काका मूळचे सांगलीकडचे, पुलांची डिझाइन्स करून निवृत्त झालेले, या देशात येऊन चाळीसच्या वर वर्षं झालेली. त्यांना बास नावाचा तळ्यातला मासा धरायचा नाद होता, आणि तोही एकाच पद्धतीने. गळ लांब भिरकावणाऱ्यांना ते मासेमार समजतच नसत. बास म्हणे आळशी, सावलीत दडून बसणारा. त्याच्या दारापर्यंत आपण जायचं. दहा-पंधरा पावलांवर एखादी बुडालेली फांदी किंवा पाणकणसांतली फट बघायची आणि तिथे आमिष हात खालून झुलवून असं सोडायचं की पाण्यालाही पत्ता लागू नये. जवळ असेल तर दोरी हाताने ओढून झुलवायची, ते फ्लिपिंग. जरा लांब असेल तर आमिष हातात धरून झोका द्यायचा, ते पिचिंग. हा फरक त्यांनी मला तीनदा समजावला, आणि तिन्ही वेळा मी समजल्यासारखी मान हलवली.

यासाठी लोक काय काय महागडं सामान घेतात. काकांचा रॉड गराज सेलमधला, मुठीला टेनिस रॅकेटची जुनी टेप. आमिषाला वजन म्हणून टूलबॉक्समधले नट. आमिषाचे फाटलेले रबरी किडे ते मेणबत्तीवर धरून पुन्हा जोडायचे, तेव्हा त्यांच्या घरात वाढदिवसाचा आणि टायर जळल्याचा असे दोन्ही वास एकदम यायचे.

"अगं, माशाला प्राइस टॅग दिसत नाही," ते म्हणायचे. "आणि प्रॅक्टिस फ्री असते."

प्रॅक्टिस हॉलमध्ये चालायची. नेमासाठी समोर कॉफीचा मग ठेवून ते सोफ्यापाशी उभे, आणि काकू पलीकडे भाजी निवडत. काकू पक्क्या शाकाहारी. लग्नानंतर त्यांनी एकच अट घातली होती, धरा पण सोडून द्या. काकांनी ती आयुष्यभर पाळली. उन्हाळ्यात दोघं तळ्यावर जायची, काकू फोल्डिंग खुर्चीत मटार सोलत बसायच्या. मासा मिळाला की काका तो लांबून उचलून दाखवायचे. काकू मान हलवायच्या, मग मासा पाण्यात.

त्या काकूंना विसर पडायला लागला. आधी गॅस, मग रस्ते, मग माणसं. हे तुमच्यापैकी अनेकांनी कुणा ना कुणाच्या घरी पाहिलं असेल, म्हणून लांबण लावत नाही. शेवटी त्यांना अशा आजाराच्या माणसांसाठीच असलेल्या एका निवासात ठेवावं लागलं. काका रोज सकाळी डबा घेऊन जात. एक दिवस काकू त्यांना बघून ओरडल्या. हा म्हातारा कोण, माझ्या पलंगावर का बसलाय, याला बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिथल्या नर्सने काकांना हळुवारपणे सांगितलं की काही दिवस आत न आलात तर बरं.

काका बाहेर आले. इमारतीमागे एक तळं होतं, काकूंच्या खिडकीसमोरच. घरी जाऊन करायचं काय, म्हणून त्यांनी गाडीतून रॉड काढला. तासाभराने नर्स धावत आली. काकू खिडकीत उभ्या होत्या. चार दिवसांत पहिल्यांदा नीट जेवल्या होत्या, तेही उभ्या उभ्या, तळ्याकडे बघत.

त्या दिवसापासून काका रोज त्या खिडकीसमोर उभे राहू लागले. बायकोला भेटायला जायचं आणि आत जायचं नाही. मला विचाराल तर इतकं अवघड काम मी कुणाला करताना पाहिलेलं नाही.

शनिवारी मी काकूंजवळ बसायची. त्यांना मी तिथे कामाला असलेली बाई वाटायचे. इथली बाई मराठी कशी बोलते, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

"ते गृहस्थ बघ," काकू म्हणायच्या. "काय सुरेख टाकतात. पाणी हलत नाही."

"हो ना."

"आमच्या ह्यांनापण नाद आहे. पण यांच्यासारखं नाही हो जमत."

गाडीत बसलं की काकांचा पहिला प्रश्न, "आज काय म्हणाली?" मी हे सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. "चाळीस वर्षांत एकदा कौतुक केलं यार, आणि तेही दुसऱ्याचं." मग सिग्नल हिरवा होऊनही गाडी हलेना. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा त्यांनी चष्मा पुसून परत घातला.

थंडीत तळं गोठलं. बाकीचे लोक बर्फाला भोक पाडून मासे धरतात. काका बर्फावर एक प्लास्टिकची बादली ठेवून वीस पावलांवरून तिच्यात आमिष टाकत उभे राहायचे, कानटोपीतून फक्त नाक बाहेर. मासा नाही, पाणी नाही. काकू मात्र खिडकीत यायच्या.

आणि मग मी माती खाल्ली.

त्या शनिवारी काकू फार छान बोलत होत्या. त्यांनी माहेरची भांडी आठवली, बहिणींची नावं सांगितली. मला वाटलं, आता सांगितलं तर कळेल. चूक दिसली की दाखवायची, ही माझी सवय. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "काकू, ते दुसरे कुणी नाहीत. ते तुमचे हेच आहेत. काकाच आहेत."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं. त्यांनी हात सोडवून घेतला. तो पलंगावर बसणारा म्हातारा इथवर आला, असं काहीसं त्या पुटपुटल्या आणि त्यांनी पडदा ओढला.

नऊ दिवस तो पडदा उघडला नाही. काकूंनी जेवण टाकलं. काका नऊही दिवस गेले आणि बंद पडद्यासमोर बर्फावर उभे राहिले. मी रडत त्यांची माफी मागितली. मला वाटलं, आता तरी चिडतील.

"आवाज झाला, एवढंच," ते म्हणाले. "आता गप उभं राहायचं."

दहाव्या दिवशी पडदा सरकला. मी जे बोलले होते ते काकू विसरल्या होत्या. बायको आपल्याला विसरली याचा आनंद झालेला माणूस मी त्या दिवशी पाहिला. घरी येताना त्यांनी मला बळेच आइस्क्रीम खायला घातलं, बाहेर शून्याखाली तापमान असताना.

काका त्याच वसंतात गेले, तळ्यावरचा बर्फ सुटत होता त्या आठवड्यात. रात्री झोपले ते उठले नाहीत. कॅलिफोर्नियाहून त्यांची मुलगी आली. तिने आईचा हात धरून सगळं सांगितलं. काकूंनी नीट ऐकून घेतलं. "तुझे वडील का? अरेरे," म्हणाल्या, आणि तिचे डोळे पुसून तिलाच पाणी प्यायला दिलं. मुलगी बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन जमिनीवर बसली. मी तिच्याशेजारी बसले.

काकू रोज खिडकीत जायच्या, उभ्या राहायच्या, जेवण गार व्हायचं. नर्सने मला फोन केला. म्हणून मीच एका शनिवारी काकांचा रॉड घेऊन तळ्याकाठी गेले. तासभर धडपडले. आमिष दगडावर आपटलं, झाडात अडकलं, एकदा माझ्याच जॅकेटमध्ये रुतलं. मग वर गेले.

काकू खिडकीतच होत्या.

"आज कुणी बाई आल्या होत्या," त्या म्हणाल्या. "त्यांना काही येत नव्हतं बिचाऱ्यांना."

"हो का?"

"ते गृहस्थ बरेच दिवस झाले आले नाहीत गं. इतक्या कडाक्याच्या थंडीत येत होते, एक दिवस चुकवला नाही. आजारी असतील." त्यांनी काचेवर बोटं टेकली. "तू बाहेर जातेस ना? त्यांच्या घरी जाऊन ये. त्यांची बायको असेल, एकटी काळजी करत बसली असेल. तिला कुणी काही सांगितलंय की नाही, देव जाणे."

"जाते मी," मी म्हणाले. "सांगते त्यांना."

"नक्की जा," काकू म्हणाल्या आणि पुन्हा तळ्याकडे बघत उभ्या राहिल्या.