भास्करराव नेमके कोणाच्या बाजूचे?

भास्करराव इंगळे सरांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे, असे समितीने ठरवले, तेव्हा मी आधी नाही म्हणून पाहिले. आमची ओळख जुनी, घरोबा दाट. तरीही एका बाबतीत मी सरांविषयी आजवर गोंधळलेलो आहे, आणि गौरवग्रंथात गोंधळ घालू नये एवढे मला कळते. समितीचे म्हणणे असे की, तुम्ही मराठीचे मास्तर, पोरांना व्याकरण शिकवता, आणि सरांवरचा सगळा वाद एका शब्दावरून उठला. तेव्हा तो तुम्हीच निस्तरा. निस्तरता येईल याची मला मुळीच खात्री नाही. जे पाहिले आणि ऐकले ते सांगतो, पुढचे वाचकांनी पाहावे.

सरांना मी पाहिले त्याआधी ऐकले. उंद्रीच्या शाळेत रुजू व्हायला मी एस.टी.तून उतरलो. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी, आणि शाळा कुठे म्हणून विचारावे तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळे गाव मैदानावर लोटले होते. कबड्डीचा सामना रंगात आला होता आणि कर्ण्यातून आवाज येत होता, "आता आपला शंकर निंगाला. आपला शंकर लय चलाख गडी, बरं का! अन् तिकडून आपला गफूर त्याच्या पायावर डोळा ठेवून राह्यला!" मी ट्रंकेवरच बसलो. बराच वेळ ऐकले, पण शंकर उंद्रीचा की गफूर उंद्रीचा, काही उमगेना. शेजारच्या गृहस्थांना विचारले, "हे बोलणारे कोण?"

"इंगळे सर व्हय ते. इथल्याच शाळेत हायेत."

"मग त्यांचा संघ कोणता?"

गृहस्थांनी माझ्याकडे वळून पाहिले. "काऊन? तुमी खेळ पाह्याले आले का जनगणना कऱ्याले?"

सामना संपल्यावर सर स्वतःच माझ्याकडे आले, "तुमीच नवे मास्तर ना? चाला घरी," म्हणाले आणि मी नको नको म्हणत असताना ट्रंक उचलून चालू लागले. मला खोली मिळेपर्यंत मी त्यांच्याच घरी राहिलो. कमलवहिनींनी मला पाहुण्यासारखे वागवले नाही, लसूण सोलायलाही बसवले. परक्या गावात माणसाला याहून जास्त काय हवे असते?

सर शाळेत इतिहास शिकवत आणि पोरांची कवायत घेत. पण जिल्ह्यात त्यांची ओळख होती ती माईकमागचा माणूस म्हणून. चिखलीपासून संग्रामपूरपर्यंत कुठेही सामने असले की बोलावणे यायचे. आमच्या गावच्या सलीमभाईंचा लाउडस्पीकर आणि सरांचा आवाज ही जोडी ठरलेली. सामन्याआधी सर दोन्ही संघांत जाऊन बसत. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचे नुकतेच लग्न जमले, हे सगळे विचारून घेत आणि मग सामन्यात ते बिनदिक्कत जाहीर करत. तो नवरदेव बिचारा चढाईला निघाला की लाजून लाल व्हायचा आणि हमखास पकडला जायचा. एकदा मी म्हटले, "सर, हे बरे नाही." त्यावर म्हणाले, "लोकाइले गडी मालूम पाह्यजे ना. नुसत्या बनियनीकडे किती टाइम पाह्यतीन?"

आता त्या शब्दाकडे वळतो. "मी आपला गप्प बसलो" यातला ‘आपला’ काही सांगत नाही, तो वाक्यात आपसूक येऊन बसतो. "आपला माणूस" म्हटले की मात्र बोलणारा आणि ऐकणारा दोघे त्यात येतात. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचे असेल तर आपण "आमचा माणूस" म्हणतो. एवढे मी वर्गात शिकवतो, आणि पोरे ते लिहून घेतात. पण सरांच्या तोंडचा ‘आपला’ यांपैकी कोणता, हे मला उंद्रीच्या त्या पहिल्या दिवसापासून सांगता आलेले नाही.

मध्यंतरी मला वाटले होते की कोडे सुटले. वडनेर भोलजीच्या एका सामन्यात हरणाऱ्या संघाचा शेवटचा गडी घसरून पडला. सरांनी लगेच कर्ण्यावरून सांगितले, "मैदानावर पानी जास्त मारलं हाये. पोट्ट्याचा दोष नाही, त्याले घरी कोनी बोलू नका." जिंकणारे चिडले. मी मनाशी म्हटले, सर नेहमी हरणाऱ्याच्या बाजूचे! हा शोध मी चार लोकांना सांगितलासुद्धा. पुढच्याच महिन्यात चिखलीला एक संघ दुसऱ्याचा पार धुव्वा उडवत होता आणि सर त्या धुव्वा उडवणाऱ्यांवर इतके खूश, की हरणाऱ्या गावचे लोक माईकची तार तोडायला धावले. माझा शोध तिथेच आटोपला.

आणि मग मुंबईचे ते प्रकरण झाले.

मुंबईला टेलिव्हिजन सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या भागात तो कोणी पाहिलेला नव्हता. पेटीत माणसे हलतात एवढेच ऐकून होतो. विदर्भाचा संघ मुंबईला खेळायला गेला होता आणि सर हौसेने त्यांच्याबरोबर गेले होते. अंतिम सामना विदर्भ विरुद्ध मुंबई असा ठरला, तो पेटीवर दाखवायचा होता, आणि ऐन वेळी ठरलेल्या समालोचकांचा घसा बसला. कोणीतरी सरांचे नाव सुचवले. सर बसले आणि बोलले. विदर्भ थोडक्यात हरला. सर परत आले तेव्हा आम्ही त्यांना फाट्यावरून वाजतगाजत आणले. काय बोलले, कसे बोलले, आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते, पण अभिमान काही मावत नव्हता.

तो फार टिकला नाही. मुंबईच्या एका दैनिकात वाचकांची पत्रे येऊ लागली. हे समालोचन होते की विदर्भाचा प्रचार? विदर्भाच्या प्रत्येक खेळाडूला ‘आपला’ म्हणणारा हा मनुष्य पंचांनाही ‘आपला’ म्हणत होता काय? एकाने त्यांची भाषा गावंढळ ठरवली. सरांना पुन्हा माईकजवळ फिरकू देऊ नये, अशी मागणी झाली आणि तसे आश्वासन दिले गेल्याचेही छापून आले. उंद्रीत पोरांनी त्या अंकाची होळी केली. आम्ही सगळे सरांच्या पाठीशी होतो. आपल्या माणसाने आपल्यांची बाजू घेतली तर बिघडले कुठे, असे आमचे सरळ म्हणणे होते.

उन्हाळ्यात माझा मेहुणा लग्नाला आला. तो मुंबईत गिरणीत असतो, आणि त्याने तो सामना शेजाऱ्याच्या घरी स्वतः पाहिला होता. भर पंगतीत तो मला म्हणाला, "भाऊजी, तुमचे सर तं फितूर निंगाले! त्या मुंबईच्या चढाईवाल्याले सारखं ‘आपला, आपला’ करून राह्यले होते. माह्या शेजारच्यानं मले चिडवून चिडवून बेजार केलं!"

दुसऱ्या दिवशी सगळ्या उंद्रीत हेच. ज्यांनी अंकाची होळी केली तेच आता सरांच्या दारावरून जाताना मोठ्याने विचारू लागले, "काहो सर, कोनाचा आपला?" मुंबई म्हणते विदर्भाचे, विदर्भ म्हणतो मुंबईचे. दोन्ही खरे कसे असेल? आणि दोन्ही खोटे असेल तर एवढी माणसे चिडली कशावर? मी सरांना सरळ विचारले, "सर, तुम्ही नेमके काय बोललात?"

"बोलतानी मानूस सोताले ऐकते काय, मास्तर?" ते म्हणाले. "मले काईच याद नाही."

"मग निदान खुलासा तरी पाठवा."

"जे याद नाही, त्याचा खुलासा कायचा देऊ?"

माझ्या त्या मेहुण्याला सरांनी मुद्दाम वांग्याच्या भरताचे जेवण दिले, हेही इथे नोंदवले पाहिजे. मला वाटले, आता जाब विचारणार. सरांनी त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि लहान पोरासारखे पुढे सरकून विचारले, "तुमी पाह्यलं ना? मंग तो शेवटचा गडी सुटला कसा, ते सांगा बरं. बोलन्याच्या नादात मले दिसलंच नाही." मेहुणा सांगत राहिला आणि सर माना डोलवत ऐकत राहिले. मला त्या दिवशी सरांचा राग आला होता. एवढी बेअब्रू झाल्यावर माणसाने थोडे तरी चिडावे.

चिडले नाहीत, पण आतून काहीतरी मोडले. गावातल्या सामन्यांना सर माईकवर बसत, ते आता पुस्तकातले बोलत. "क्रमांक चार चढाईसाठी प्रस्थान करीत आहेत. क्रमांक सहा बाद झालेले आहेत." नाव नाही, गाव नाही, गुडघा नाही. ‘आपला’ तर चुकूनही नाही. सगळे बिनचूक आणि निःपक्षपाती, आणि लोक मध्येच उठून शेंगदाणे घ्यायला जाऊ लागले. सलीमभाई एकदा कर्णा काढून, झटकून, पुन्हा बसवत बसले होते. मी विचारले, "बिघडला का?" ते म्हणाले, "माईक तं चालू हाये, मास्तर. सरच बंद हायेत."

घरातही तेच. कमलवहिनी माझ्या पत्नीजवळ रडल्या. "काल मले म्हनाले, ‘आपण चहा घेणार काय?’ म्या मांगं वळून पाह्यलं, म्हनलं घरात तिसरं कोन आलं? जलमभर ‘अवं’ म्हनून हाक मारली या मानसानं!" पुढे सरांनी माईकवर बसणेही सोडले. बोलावणी येत, सर प्रकृतीचे कारण सांगत. प्रकृती ठणठणीत होती. अशी काही वर्षे गेली आणि आम्ही धरून चाललो की तो आवाज आता पुन्हा ऐकू येणार नाही.

गेल्या हिवाळ्यात वरवट बकालला सामने होते. सलीमभाईंनी सरांना "नुसता गुनफलक सांगाले चाला" म्हणून जवळजवळ ओढूनच नेले. मीही गेलो. अंतिम सामना वरवट आणि उंद्री यांचा, आणि सर तसेच, क्रमांक दोन आणि क्रमांक पाच. शेवटच्या चढाईला वरवटचा गडी आला. आमच्या पोरांनी त्याला कमरेला धरले, पायाला धरले, सगळे त्याच्या अंगावर पडले, आणि त्या ढिगाखालून त्याचा एक हात मध्यरेषेकडे सरकू लागला. "कबड्डी, कबड्डी" हा आवाज खालून चिरकत येत होता. आणि कर्ण्यातून बेंबीच्या देठापासून आवाज आला, "अबे, आपला हात! आपला हात पाह्य कुठं गेला! सोडू नको बे! सोडू नको!"

सर उभे राहिले होते. माईक हातात, चष्मा कपाळावर. मी सलीमभाईंकडे पाहिले, तर ते डोळे पुसत होते. माझेही काही वेगळे नव्हते.

पंचांनी गडी बाद दिला आणि मैदानावर रणकंदन माजले. वरवटवाले म्हणाले, "सरांनी आपल्या गावच्या पोट्ट्याइले ‘धरून ठेवा, सोडू नका’ म्हनून सांगतलं! हा डाव नाही!" उंद्रीवाले माझ्याभोवती जमले. "मास्तर, तुमीच सांगा, सरांनी वरवटच्या गड्याले ‘दम सोडू नको’ म्हनलं का नाही? जिंकलो तं जिंकलो, पन आपल्याच मानसानं असं करावं?" दोन्ही गावे मला व्याकरण विचारत होती. ‘सोडू नको’ याचे कर्म अध्याहृत आहे, एवढेच मला सांगता आले, आणि त्याने कोणाचेही समाधान झाले नाही.

मी गर्दीतून वाट काढत सरांकडे गेलो. ते खुर्चीवर बसून घाम पुसत होते. मी म्हटले, "सर, एकदाच सांगा. दम सोडू नको की गडी सोडू नको? कोणाला म्हणालात? आणि आपला हात म्हणजे कोणाचा?"

सरांनी उजव्या हाताची बोटे डोळ्यांजवळ नेली आणि उलटसुलट करून पाहिली.

"कोनाले म्हनलं ते खरंच नाही मालूम, मास्तर. मले तं तो हात माहाच वाटला. माती लागल्यासारखी वाटली बोटाले."

बोटे स्वच्छ होती. सर ती तरीही धोतराला पुसत राहिले.

मी त्या दिवसापासून या वाक्याशी झटतो आहे. हा पक्षपात आहे का? असेल तर कोणाचा? मुंबईच्या त्या वाचकांना मी काय उत्तर देणार, आणि माझ्या मेहुण्याला काय? समितीने माझ्यावर सोपवलेले काम माझ्याच्याने झालेले नाही, हे मी इथे मान्य करतो. मला कळते ते एवढेच, की तो आवाज नव्हता ती वर्षे आमच्या मैदानांवर फार वाईट गेली, आणि सरांवर माझा जीव आहे.

सर, तुमचा घसा आणि तुमचे गुडघे असेच धडधाकट राहोत, वहिनींना तुमची ‘अवं’ अशी हाक रोज ऐकू येवो, आणि तुम्ही शंभरी गाठेपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही गावांनी तुमच्यावर रागवावे.