सोट्याचा कौल

कार्तिकातला रविवार, दुपारची जेवणं उरकलेली. हजर: मी; आमचे हे; आमची मुलगी वैजू; तिला बघायला रामनगरहून आलेला प्रसाद; त्याचे आई-वडील; आणि गावच्या देवळात कौल लावणारे तुकामामा. गैरहजर: माझी अक्कल.

सुपा धरणाच्या पाण्यालगत आमचा लहानसा होमस्टे आहे. तिथे एक परदेशी आजीबाई बरेच दिवस राहून गेल्या आणि जाताना प्रेमाने दोन वस्तू देऊन गेल्या. टॅरोच्या पत्त्यांचा जोड, आणि त्या पत्त्यांचा अर्थ सांगणारं एक जुनं इंग्रजी पुस्तक. हिरव्या कापडाची बांधणी, पिवळी पानं, वास असा की उघडलं की झोप यावी. पाहुण्यांची करमणूक होईल म्हणून मी ते वाचायला घेतलं. (मी कामाची बाई आहे. घरात आलेली वस्तू उपयोगी पडलीच पाहिजे.)

लिहिणारे गृहस्थ कधीचे वारले असतील, पण काय नजर होती त्यांची! पत्त्यावर तलवार असेल तर तो पुरुष. पेला असेल तर ती स्त्री. डाळिंब, कुलूप, किल्ली, डोंगर, दरी... कशातून काही सुटलं नाही. उभं दिसलं की त्यांना एक आठवायचं, पोकळ दिसलं की दुसरं! मी तलवारी आणि पेले संपवले, पण सोट्यांच्या प्रकरणाशी थांबले. कारण एका सकाळी ताक घुसळताना माझं लक्ष रवीकडे गेलं, मग डेऱ्याकडे, आणि मी दोरी सोडून उभीच राहिले. उखळ-मुसळ, दिवा-वात, खल-बत्ता... अख्खं स्वयंपाकघर एकमेकांकडे लाजून बघत होतं. बाहेर पाण्यावरून धुकं हळूहळू डोंगराच्या कुशीत शिरत होतं. त्याच्याकडेही बघवेना! मी पुस्तक मिटलं आणि पत्त्यांसकट ओसरीवरच्या टेबलावर ठेवून दिलं.

तर तो रविवार. सोलकढी पिऊन सगळे सुस्तावलेले. पाणी चकाकत होतं, त्याच्या पलीकडचं रान झोपेत हलल्यासारखं हलत होतं, आणि बोलणाऱ्यांचे शब्दसुद्धा तरंगत तरंगत येत होते. वैजू आणि प्रसाद एकमेकांना पसंत होते. ते आंधळ्यालाही दिसलं असतं. उरला होता फक्त कौल. आमच्याकडे त्याशिवाय सोयरीक ठरत नाही. देवाच्या ओल्या पाषाणावर फुलाच्या कळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवीकडची पडली की होकार. संध्याकाळी तुकामामा सगळ्यांना देवळात नेणार होते.

पण प्रसादच्या आईला दम निघेना. "अक्का, ही चित्रं कसली वो?"

"भविष्याचे पत्ते," मी म्हणून गेले.

एवढ्यात बाईंनी पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले, पत्त्यांना हात जोडले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "देवा, ही पोर आमच्या घरात येऊ दे की नको? सांग!" आणि पत्ता ओढून उजव्या बाजूला ठेवला.

तुकामामा खाडकन जागे झाले. "हे काय केलंसा? कौल लावलासा की!"

"मामा, तो खेळ आहे!" मी म्हणाले.

"देवाचं नाव घेऊन इचारलं, हात जोडून उचललं. आता खेळ न्हाई. अर्थ सांगितल्याबिगर कुणी उठायचं न्हाई. आन एकदा इचारलं, ते परत इचारायचं न्हाई. देवळातबी न्हाई."

सगळ्यांनी पत्त्याकडे बघितलं. ढगातून आलेला एक हात, आणि त्या हातात उभा, जाडजूड, पालवी फुटलेला सोटा!

वैजूने माझ्याकडे बघितलं. तिला त्या पुस्तकाचं सगळं मीच सांगितलं होतं.

"भात चांगलं पिकणार," मी म्हणाले.

"बुकात बघा," तुकामामा म्हणाले. "कौलाचा अर्थ आपल्या मनानं करायचा नसतोय."

आता प्रसादचे वडील पुढे सरसावले. आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेले मास्तर ते. "आणा इकडे," म्हणाले. चष्मा पुसला, पान शोधलं आणि वर्गात वाचतात तशा आवाजात सुरू झाले, "ही काठी म्हणजे पुरुषाचं..." आणि थांबले. पाणी प्यायले. "पुरुषार्थाचं प्रतीक." आणखी पाणी प्यायले. मग आवाज बंद झाला, पण डोळे चालूच! एक पान उलटलं. मागे गेले. दुसरं उलटलं. कानांच्या पाळ्या जांभळासारख्या झाल्या.

"अवो, मनातल्या मनात काय वाचालाय?" प्रसादच्या आईने विचारलं.

"जरा... संदर्भ बघतोय."

"आम्हालाबी सांगा की संदर्भ!"

मास्तरांनी पुस्तक उघडंच टेबलावर ठेवलं आणि पाण्याकडे बघत बसले.

तुकामामांनी मान हलवली. "वाचणाऱ्याची वाचा गेली. म्हंजे देवानं तोंड फिरवलं. ही सोयरीक न्हाई."

प्रसादच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रसादने वैजूकडे बघितलं आणि वैजू बशीतला लाडू कुस्करत राहिली. आमचे हे खांबाला टेकून बसले होते, तेही ताठ झाले. माझ्या मुलीचा संसार, मेलेल्या एका इंग्रजाच्या चावटपणापायी आणि जिवंत एका मास्तरच्या लाजेपायी, माझ्या डोळ्यांदेखत पाण्यावर विरघळत चालला होता!

मी उठले. पुस्तक उचललं. समोर दिसलं ते वाचलं, ठणठणीत, मराठीत, रेशनचा भाव सांगावा तसं.

"ढगातून उतरतो तो पुरुष. खाली भरून वाहते ती स्त्री. वरचं खाली आल्याशिवाय आणि खालचं उघडल्याशिवाय जग कोरडं राहतं. हे चित्र म्हणजे दुसरं काही नसून," इथे मी श्वास घेतला, "संभोग आहे."

विहिरीत कळशी पडावी तसा तो शब्द ओसरीवर पडला. आमच्या ह्यांनी डोळे मिटून घेतले. पलीकडे एक पाणकोंबडी ओरडली, तीही मला दचकल्यासारखी वाटली.

तुकामामा पत्ता जवळ धरून बघत होते. "खाली भरून वाहतंय ते कुठं हाय?"

"ही काय, नदी," मी बोट ठेवलं. खरोखरच सोट्याखाली बारीकशी नदी होती!

"व्हय की. आपल्या काळी नदीगत दिसती." त्यांनी बराच वेळ बघितलं. "मग बरोबर हाय. आमच्या देवळातबी पिंडीचा अर्थ ह्योच."

"एवढंच व्हय?" प्रसादच्या आईने डोळे पुसले. "ह्यापायी माझी सून घालवालता काय वो? मग लग्न काय पोहे खायला करत्यात?" आणि ती जी हसत सुटली, तिच्यामागून वैजू, मग तुकामामा, आणि शेवटी ओसरीच डुलायला लागली. कौल उजवा ठरला. गूळ वाटला.

निघताना मास्तर चपला घालायच्या निमित्ताने मागे राहिले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही वाचलंत ते पेल्याचं पान. मी चाळता चाळता तिथे येऊन थांबलो होतो. सोट्याचं पुढे आहे."

माझ्या हातातला गूळ हातातच राहिला. "अगंबाई! आणि त्यात काय लिहिलंय?"

मास्तर पुन्हा जांभळे झाले. "ते आपलं... तुम्ही एकट्यात वाचा."

लग्न झालं. वैजूला आता डोहाळे लागलेत आणि तिच्या सासूबाई त्या सोट्याच्या पत्त्याला रोज हळदकुंकू वाहतात. घरातलं प्रत्येक काम वेळेत करणारी म्हणून माझी ख्याती आहे. सोट्याचं पान तेवढं वाचायचं राहिलंय. दर सोमवारी ठरवते, पुस्तक काढते, त्याच्यावरची धूळ झटकते, आणि मग आठवतं की ताक घुसळायचंय.