एक प्रकारचा मासा

"हे बारा मासे आहेत, की एकच मासा बारा वेळा?" हेडक्लार्क रावसाहेबांनी माझा कागद माझ्याच नाकासमोर नाचवला.

माझी काय चूक हो? महाडच्या कचेरीत मी तर्जुमा कारकून, म्हणजे इंग्रजी कागदांचं मराठी करणारा. तोही हंगामी. प्रांतसाहेबांनी माशांची इंग्रजी यादी पाठवून मराठी नावं मागवली होती. मी कोश उघडला. हेरिंग : एक प्रकारचा मासा. शॅड : एक प्रकारचा मासा. सार्डीन : तेच. बारा वेळा सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. आमच्या घरात कुणी कधी मासा खाल्लेला नाही. त्यामुळे कोशातलं ते मला अगदी पटलं होतं.

"साहेबांचा मुक्काम पोलादपूरला आहे. उद्या दुपारपर्यंत खरी नावं घेऊन तिथं जा. नाहीतर कायम होणं विसरा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सावित्री नदीच्या बंदरावर हजर झालो. जनाबाई कोळीण टोपल्या मांडून बसली होती. तिला हेरिंगचं वर्णन वाचून दाखवलं : अंग रुपेरी, काटे फार, थव्यानं येतो.

"तारली तशीच हाय. दर्यात फौज येते तिची, फौज! आन् हा पाला. खाडीतून नदीत चढतो. उधाणाला पाग टाकायचा."

उधाण म्हणजे अमावास्या-पुनवेची मोठी भरती. अष्टमीच्या सुमाराची बारकी भरती ती भांग. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. हे सगळं मला तिथंच कळलं.

"मग यातला हेरिंग कुठला?"

"त्यो आपल्याकडं नाय रे भटा. ह्ये त्याचे भाऊबंद असतील. हातात घेऊन बघ, कागदावर काय कळतंय?"

घेतला. अरे देवा! पाला सुळकन निसटला आणि थेट माझ्या धोतराच्या निऱ्यांत. सगळा धक्का खो खो हसत सुटला. मग मलाही हसू आवरेना. एकदा बाटलोच म्हटल्यावर भीड कसली? टोपल्यांतला एकेक मासा हातात धरून यादीभर नावं लिहिली.

पोलादपूरच्या मोटारीत माझ्या बाकावर कुणी बसेना. ऐसपैस गेलो.

साहेब स्कॉटलंडचे, मराठीची परीक्षा दिलेले. ओळीवर बोट ठेवून वाचू लागले : 'हेरिंग आपल्याकडे नाही. भाऊबंद : तारली, पाला. तारलीची फौज येते.' ताडकन उठलेच!

"फौज? आमचे काही पंडित म्हणतात, हेरिंग हा शब्दच जुन्या जर्मन भाषेतल्या फौजेवरून आला. काही म्हणतात, करड्या रंगावरून. तुला कुणी सांगितलं?"

"जनाबाई कोळणीनं, साहेब."

साहेबांनी कागदाला चिकटलेलं खवलं नखानं काढलं, हुंगलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "माझा बाप हेरिंग धरायचा," म्हणाले. "इतकी वर्षं कागद वाचतोय. जागेवर जाऊन आलेला हा पहिलाच." आणि खाली शेरा मारला : कारकुनास कायम करावे.

रावसाहेबांनी तो कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून फायलीला लावला. मी मात्र तेव्हापासून एक शिकलो. ज्या कागदाला कसलाच वास येत नाही, त्यावर सही करण्याआधी जरा बाहेर जाऊन यावं.