खंडूच्या पडद्यावरचं लंडन

बेव्हर्ली पार्क सोसायटीत एकेकाळचे नट लवूनाना मांडवकर यांच्या लंडन दौऱ्याची गोष्ट गाजलेली होती. गणपतीत, साखरपुड्यात, अगदी कुणाच्या बाराव्यालासुद्धा फर्माईश यायची आणि नाना कॉलर सारखी करून सुरू करायचे. "प्रयोग संपवून हॉलबाहेर पाऊल टाकलं. डाव्या हाताला मोठं घड्याळ, उजव्या हाताला उघडणारा पूल. मध्ये मी, तोंडाचा रंग तसाच." ऐकणाऱ्यांचा चहा निवून जायचा. त्यांची बायको शेवंती नेमकी तेवढा वेळ स्वयंपाकघरात जायची. तिला जाऊन आता चार वर्षं झाली होती.

२००७च्या उन्हाळ्यात मुलगा निकेत आणि सून सलोनी यांनी ठरवलं, नानांना पुन्हा लंडन दाखवायचं. रविवारी दुपारी निकेतने कॉम्प्युटरवर गुगल अर्थ उघडलं. पृथ्वीचा निळा गोळा गरगरला आणि खाली उतरत उतरत नदीवर येऊन थांबला.

"नाना, तुमचा हॉल दाखवा. हॉटेल तिथंच जवळ बघतोय. पहिल्या दिवशी तिथंच जायचं, दारात तुमचा फोटो काढायचा."

"पाडला असेल रे. तीस वर्षं झाली."

"जागा तर असेल ना?"

सलोनीने घड्याळावर एक खूण केली, पुलावर दुसरी. दोन्हींमध्ये रेघ ओढली आणि थबकली. "नाना, हे साडेतीन किलोमीटर आहे. एका दारातून दोन्ही कसं दिसायचं?"

"नानांची मान तेव्हा जास्त वळत असेल," निकेत हसला. "थांब, तिथल्या मराठी मंडळाला मेल टाकतो. जुन्या प्रयोगांची नोंद असेलच त्यांच्याकडे."

भरल्या थिएटरात संवाद विसरूनही नानांनी वेळ मारून नेली होती. इथं समोर दोनच माणसं होती, आणि दोघंही विश्वासाने बघत होती.

"नको लिहू," ते म्हणाले. "मी गेलोच नव्हतो."

माउसची टिकटिक थांबली.

"चौदा जण जायचे होते. निघायच्या दिवशी आमच्या नाटक मंडळाच्या ऑफिसात कळलं, दोघांना वगळलंय. त्यात मी. आदल्या संध्याकाळी अख्ख्या चाळीने मला हार घातले होते, हातात नारळ दिला होता. परत तो जिना कुठल्या तोंडाने चढणार होतो? थेट उत्तनकडचं डोंगरी गाव गाठलं. आमच्या नाटकांचे पडदे रंगवायचा तो खंडू तिथं राहायचा. अठरा दिवस त्याच्या खोलीत लपलो. समोर लंडनचा पडदा सुकत होता. पडदा लहान म्हणून त्याने घड्याळ आणि पूल शेजारी शेजारी काढलेले. तेच पाठ झालं." नाना निकेतकडे वळले. "तुझ्या आईला ठाऊक होतं. माझी लाज राखायला ती गप्प राहिली, आणि मी तिला आयुष्यभर स्वयंपाकघरात पाठवत राहिलो."

निकेतचे कान लाल झाले होते. शाळेपासून ही गोष्ट त्याने किती जणांना ऐकवली होती, ते नाना जाणून होते. पोराने दोन शब्द सुनावावेत म्हणून ते वाट बघत राहिले.

निकेतने माउस हातात घेतला. घड्याळ, पूल, नदी लहान होत गेली. गोळा फिरला आणि उत्तनचा किनारा वर आला.

"खंडूकाकांची खोली कुठं होती?"

नानांनी काचेवर बोट ठेवलं. "चर्चच्या मागं. विहिरीपाशी."

सलोनीने तिथं खूण केली.

"आधी इथं जायचं," निकेत म्हणाला. "दारात फोटो काढायचा."