वन्संची कवळी

आमचे हे कवळ्या बनवतात. दातांचा डॉक्टर माप पाठवतो, पुढचं सगळं यांच्याकडे, तेही माझ्या स्वयंपाकघरालगतच्या खोलीत. गुलाबी पूड, नाकाला झोंबणारा द्रव, त्यांचा लगदा भरलेला साचा आणि गॅसवर पाण्याचं पातेलं. त्यात साचा सात तास, मंद आचेवर. लग्न झाल्यापासून मी म्हणतेय, एवढ्या वेळात बटाटे काय, दगडही शिजतील.

मग हे सुरू होतात. त्या द्रवात म्हणे बारीक बारीक रेणू सुटे हिंडत असतात. ऊब मिळाली की एक दुसऱ्याचा हात धरतो, दुसरा तिसऱ्याचा, अशी हजारोंची साखळी होते आणि लगदा टणक होतो. जुळताना ते आपले आपणच तापतात, म्हणून वरून आच बेताची. मी ऐकायचे आणि भाजी चिरायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या शनिवारी पातेल्यात वन्संची, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीची कवळी होती. रविवारी चार वाजता त्यांचा मुलगा सहा वर्षांनी परदेशातून थेट आमच्याकडेच येणार होता. असल्या बसक्या तोंडानं मी त्याच्यासमोर जायची नाही, असं वन्संनी निक्षून सांगितलं होतं. हे कामासाठी बाहेर गेले आणि मला अवदसा आठवली. लवकर होऊ दे बिचारीचं, म्हणून मी आच मोठी केली. चांगलं खदखदू दिलं.

संध्याकाळी साचा उघडला तर हिरडीभर बुडबुडे. रेणू जुळायच्या आत द्रवच उकळला होता. मी कबूल केलं. हे शांतपणे साचा पुसायला लागले, त्याचाच मला जास्त राग आला. ओरडा की हो एकदा तरी! यांनी सरळ फोन उचलला.

"आक्का, माझी घाई झाली. उद्या तीनपर्यंत देतो."

वन्संनी काढलेली खरडपट्टी मला ओट्यापाशी ऐकू आली. हे नुसते हो हो करत होते. मग नवा साचा केला. पहाटे पाचला पातेलं चढलं आणि दुपारी बारापर्यंत मी स्टूल टाकून त्या ज्योतीची राखण करत बसले.

तीनला वन्सं आल्या. त्यांनी कवळी बसवली, आरशात पाहिलं, हसून बघितलं. मग मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"आच तू वाढवलीस ना?"

मी खाली बघितलं.

"हा आणि घाई? जन्मालासुद्धा पंधरा दिवस उशिरा आला."

"मग काल यांना एवढं का बोललात?"

"त्याला तुला वाचवायचं होतं. म्हटलं, वाचवू दे."

मला रडूच आलं. वन्संनी माझे डोळे पुसले. तेवढ्यात बेल वाजली, चाराच्या आधीच, आणि दार उघडायला वन्सं स्वतः गेल्या.